ग्वाल्हेर गायकी : काही टप्पे

ग्वाल्हेरचे नाव निघाले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे प्रथम उभा राहतो तो तेथील किल्ला. उभ्या कड्यावर दूरवर पसरलेली त्याची तटबंदी, मानसिंहाच्या महालावरील निळ्या फरशांची नक्षी, महादजी शिंद्यांचा दरारा आणि १८५८ सालच्या जून महिन्यात याच भूमीवर झालेला राणी लक्ष्मीबाईंचा अंत, या गोष्टी शाळेच्या पुस्तकांपासून परिचयाच्या आहेत. परंतु त्याच किल्ल्याखाली, गावात, महंमद घौस यांच्या भव्य कबरीच्या आवारात एक लहानसा चौथरा आहे. तो तानसेनाचा. त्याच्याजवळच्या चिंचेचा पाला खाल्ला म्हणजे गळा सुरेल होतो, अशी गवयांची पिढ्यान्पिढ्या चालत आलेली श्रद्धा. किल्ल्याने अनेक राजवटी पाहिल्या आणि त्या लयाला गेल्या. त्या चौथऱ्याच्या अवतीभवती वाढलेली विद्या मात्र आजही जिवंत आहे, आणि मिरज, पुणे, मुंबई, कोल्हापूर येथील मैफलींतून ती ऐकणाऱ्या श्रोत्यांना पुष्कळदा ठाऊकही नसते की आपण ग्वाल्हेर ऐकत आहोत.

ही विद्या तेथून येथवर आली कशी, हा प्रश्न मोठा मनोवेधक आहे. संगीताचा इतिहास बहुधा रागांच्या आणि तालांच्या नावांनी सांगितला जातो. ग्वाल्हेर गायकीचा इतिहास मात्र दुसऱ्याच एका प्रश्नाभोवती फिरतो. विद्या कोणाची, आणि ती कोणी कोणाला द्यावी? या परंपरेत जेथे जेथे नवा टप्पा आला, तेथे तेथे एखादे बंद दार उघडले गेले आहे. आणि ते दार उघडण्याची किंमतही दर वेळी कोणी ना कोणी मोजली आहे.

पहिला टप्पा राजा मानसिंह तोमराचा. इ. स. १४८६ पासून १५१६ पर्यंत त्याने ग्वाल्हेरवर राज्य केले. दिल्लीच्या लोदी सुलतानांशी त्याची झुंज आयुष्यभर चालली होती, आणि तरीही या राजाने आपल्या दरबारी गायकांचा मेळावा जमवून धृपदाला प्रतिष्ठा दिली. तोवर संस्कृत प्रबंधांच्या चौकटीत वावरणारे दरबारी संगीत त्याच्या काळी लोकांच्या बोलीत आले. ‘मानकुतूहल’ हा संगीतावरील ग्रंथ त्याच्या नावावर आहे, आणि मोगल अमदानीत फकीरुल्ला या सरदाराने त्याच्या आधारे फारसी भाषेत ‘रागदर्पण’ रचला. मानसिंहाच्या पश्चात राज्य टिकले नाही. त्याचा पुत्र विक्रमादित्य १५२६ साली पानिपतावर पडला. गवई मात्र पांगले आणि त्यांच्याबरोबर धृपदही चहूकडे गेले. पुढे अकबराच्या दरबारातील कलावंतांची जी यादी अबुल फजलने ‘आईने अकबरी’त दिली आहे, तीत ग्वाल्हेरच्या गवयांचा भरणा डोळ्यांत भरण्याजोगा आहे. त्या यादीच्या अग्रभागी तानसेनाचे नाव आहे. ग्वाल्हेरजवळचे बेहट हे त्याचे गाव मानले जाते. रेवा येथील राजा रामचंद्राच्या पदरी असलेला हा गायक अकबराने १५६२ साली आपल्याकडे बोलावून घेतला. आयुष्य परमुलुखात गेले, पण विसावा मिळाला तो ग्वाल्हेरच्याच मातीत.

धृपदाचा हा वैभवकाळ ओसरल्यानंतर ख्याल नावाचा नवा गानप्रकार दिल्लीत रूपास आला. महंमदशहा ‘रंगीले’ याच्या कारकिर्दीत, म्हणजे १७१९ ते १७४८ या काळात, न्यामतखाँ ऊर्फ ‘सदारंग’ याने शेकडो ख्याल बांधले. धृपदाच्या भारदस्त चौकटीतून गळ्याला मोकळे करणारा हा प्रकार होता. दिल्लीची सत्ता खचली तसे गवई लखनौस गेले, आणि लखनौहून नत्थन पीरबक्ष यांचे घराणे ग्वाल्हेरीस आले. या वेळी ग्वाल्हेरीवर शिंद्यांचा अंमल होता. इ. स. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याच्या दक्षिणेस आपली छावणी कायमची केली. तिचेच पुढे ‘लष्कर’ नावाचे शहर झाले. या शहरात सरदार, कारकून, पुराणिक, कीर्तनकार, वैद्य, पागनीस अशा नाना व्यवसायांची मराठी कुटुंबे वसली. उत्तर हिंदुस्थानातील मुसलमान गवयांची विद्या आणि दक्षिणेकडून आलेल्या मराठी माणसांची गाण्याची ओढ यांची गाठ पडली ती या लष्करात. ही गाठ पडली नसती तर महाराष्ट्राच्या संगीताचा इतिहास निराळाच झाला असता.

नत्थन पीरबक्षांच्या घरातच हद्दूखाँ आणि हस्सूखाँ हे दोघे भाऊ वाढले. ख्यालाला आज जे रूप आहे त्याचे शिल्पकार म्हणून यांचीच नावे घेतात. त्यांच्याविषयीची एक कथा परंपरेने जपून ठेवली आहे. त्या काळी बडे महंमदखाँ हे दरबारचे नामांकित गवई होते. त्यांची तान इतकी बिकट, इतकी दमदार, की तिला जोड नव्हती. ही तानबाजी आपल्या मुलांच्या गळ्यांत यावी असे हद्दू-हस्सूंच्या वडीलधाऱ्यांना वाटे. परंतु दुसऱ्या घराण्याच्या मुलांना महंमदखाँ शिकविणार कसे? तेव्हा शिंदेसरकारच्या संमतीने या मुलांना पडद्याआड बसविण्यात आले आणि दिवसामागून दिवस त्यांनी महंमदखाँचे गाणे चोरून ऐकले. काही काळाने दरबारात त्यांचे गाणे झाले. आपलीच तान दुसऱ्याच्या गळ्यातून निघताना ऐकून महंमदखाँ थक्क झाले, आणि मग रुष्टही झाले.

कथेचा उत्तरार्ध करुण आहे. पुढे एका बैठकीत महंमदखाँनी हस्सूखाँकडे एका विशिष्ट तानेची फर्माईश केली. हत्तीच्या चीत्कारासारखी प्रचंड अशी ती तान होती. छातीवर अतोनात भार पडणारी ही तान हस्सूखाँनी घेतली, परंतु ती पुरी करताना त्यांच्या बरगडीस इजा झाली, तोंडावाटे रक्त आले, आणि त्यातच त्यांचा अंत झाला, असे सांगतात. या कथेतील प्रत्येक तपशील इतिहासाच्या कसोटीस उतरेलच असे नाही. परंतु गवयांच्या घराघरांत ती इतकी वर्षे का सांगितली गेली, हे ध्यानी घेण्यासारखे आहे. विद्या जेव्हा कडीकुलपात असते, तेव्हा ती मिळविण्यासाठी चोरी करावी लागते आणि चोरीचा दंडही भोगावा लागतो, ही जाणीव त्या कथेत आहे. ग्वाल्हेरचा पुढचा सारा इतिहास जणू या कथेला दिलेले उत्तर आहे.

या दोघा बंधूंनी आणि त्यांच्या घराण्यातील नत्थूखाँ यांनी जी गायकी घडविली, तिचे स्वरूप थोडक्यात पाहणे इष्ट होईल. गळा मोकळा, आकार स्वच्छ आणि आवाज छातीतून निघणारा. ध्वनिक्षेपक नव्हता अशा काळी शेवटच्या रांगेतील श्रोत्यापर्यंत तो नुसत्या बळावर पोचत असे. राग निवडायचे ते यमन, भूप, अल्हैया बिलावल, हमीर, गौडसारंग, कामोद, शंकरा असे प्रसिद्ध, ज्यांत लपण्यास जागा नाही. लय अतिविलंबित नव्हे. झुमरा, तिलवाडा, आडा चौताल अशा तालांत ठेका चालता राहील अशी ती असते. प्रारंभीच चिजेचा अस्ताई-अंतरा नीट मांडायचा, म्हणजे रागाची सारी आकृती श्रोत्यांपुढे उभी राहते. मग आलाप, बोलआलाप, बहलावा, मींड, गमक, बोलतान, लयकारी आणि शेवटी तिन्ही सप्तकांतून सरळ धावणारी सपाट तान. या आठ अंगांनी नटलेली म्हणून तिला ‘अष्टांग गायकी’ म्हणतात. ख्यालाच्या जोडीला टप्पा, तराणा आणि अष्टपदी हेही प्रकार तेथे जिव्हाळ्याने गायिले जातात. पंजाबच्या उंटवाल्यांच्या गाण्यातून निघाल्याचे सांगितले जाणारे टप्प्याचे चपळ, दाणेदार अंग ग्वाल्हेरच्या ख्यालातही उतरले आहे.

या गायकीचा खरा गुण तिच्या प्रमाणबद्धतेत आहे. एखाद्या अंगाचा अतिरेक करून श्रोत्याला दिपवावे, हा तिचा स्वभाव नव्हे. यामुळेच ती इतर घराण्यांना आधारभूत झाली. आग्रा घराण्याचे घग्गे खुदाबक्ष नत्थन पीरबक्षांकडे शिकले. रामपूर-सहस्वान घराण्याचे इनायत हुसेनखाँ हे हद्दूखाँचे जावई. भास्करबुवा बखल्यांच्या गाण्याचा एक पाया बडोद्याच्या फैज महंमदखाँकडून मिळालेल्या ग्वाल्हेरच्या तालमीचा होता. पुष्कळ घराण्यांची वंशावळ मागे मागे नेली असता कोठे ना कोठे ती ग्वाल्हेरच्या उंबरठ्याशी येते, ती यामुळेच.

आता या परंपरेतील सर्वांत महत्त्वाचा टप्पा. ज्यांना पडद्याआडून ऐकावे लागले होते, त्याच बंधूंनी आपल्या घरचे दार परक्यांसाठी उघडले. त्यांच्यापुढे शागीर्द म्हणून बसले ते ना त्यांच्या जातीचे, ना धर्माचे, ना बोलीचे. कोकणातून आलेले वासुदेवबुवा जोशी हस्सूखाँकडे शिकले. देवजीबुवा परांजपे धृपदाबरोबरच ख्यालाची विद्या घेऊन धारेस स्थायिक झाले. विष्णुपंत छत्रे तर घोड्यांची विद्या आणि गाण्याची विद्या, अशा दोन्हींच्या नादाने ग्वाल्हेरीस गेले. बाबासाहेब आपट्यांकडे अश्वविद्या आणि हद्दूखाँकडे गाणे, असा त्यांचा दुहेरी अभ्यास चाले. गंडाबंधनाच्या बळकट परंपरेत, जेथे चीज ही वडिलोपार्जित जमिनीइतकी मोलाची मानली जाई आणि ती परक्याला सहसा मिळत नसे, तेथे हे घडले. हे औदार्य सामान्य नव्हते.

या औदार्याची परतफेडही कशी झाली पाहा. विष्णुपंत छत्र्यांनी पुढे १८८० च्या सुमारास आपली प्रसिद्ध सर्कस काढली आणि ते देशोदेशी गाजले. हद्दूखाँचे पुत्र रहमतखाँ हे अलौकिक गळ्याचे गायक. ‘भूगंधर्व’ हे त्यांचे बिरुद. परंतु वडील आणि भाऊ गेल्यानंतर या मनस्वी कलावंताची घडी विस्कटली. व्यसनाने आणि विषण्णतेने त्यांचे देहभान हरपले आणि ते निराधार होऊन भटकू लागले. छत्र्यांना हे कळताच त्यांनी आपल्या गुरूच्या पुत्रास जवळ केले, सर्कसबरोबर गावोगाव नेले, सांभाळले आणि त्यांच्याकडून गाऊन घेतले. विष्णुपंतांच्या मागे त्यांचे बंधू काशिनाथपंत यांनीही हे व्रत चालविले. वाघ-घोड्यांच्या खेळांबरोबर हिंडणाऱ्या त्या तंबूच्या आश्रयाने महाराष्ट्राने रहमतखाँचे स्वर ऐकले. किराणा घराण्याच्या अब्दुल करीमखाँच्या गाण्यावर त्या स्वरांची छाया पडली, हे जाणकार मान्य करतात. आयुष्याच्या अखेरीस त्यांच्या काही ध्वनिमुद्रिका निघाल्या. १९२२ साली कुरुंदवाड येथे त्यांचे देहावसान झाले. मुलाच्या बाजूने हद्दूखाँचा वारसा येथे संपला. वंश संपला, पण गायकी संपली नाही, कारण ती एव्हाना दुसऱ्यांच्या घरी नांदत होती.

तिचे एक घर लष्करातील पंडितांचे. विष्णुपंत पंडित हे कीर्तनकार. खाँसाहेबांशी त्यांचा स्नेह होता. त्यांचे पुत्र शंकरराव आणि एकनाथ यांना नत्थूखाँचे दत्तक पुत्र निसार हुसेनखाँ यांची दीर्घ तालीम मिळाली. जयाजीराव शिंदे १८८६ साली निवर्तल्यानंतर निसार हुसेनखाँचा दरबारचा आश्रय सुटला, तेव्हा ते पंडितांच्याच घरी राहावयास आले. एका ब्राह्मण कीर्तनकाराच्या घरात एक मुसलमान उस्ताद कुटुंबातील वडीलधाऱ्यासारखा राहतो, घरचे आचारविचार सांभाळतो आणि मुलांना आपली सारी विद्या देतो, हे दृश्य त्या काळी किती विरळ असेल! चिजांचा त्यांच्यापाशी एवढा साठा होता, की ‘कोठीवाले’ म्हणूनच त्यांना ओळखत. ती कोठी त्यांनी रिकामी केली, आणि ती पंडितांच्या घरी भरली.

परंतु सर्वांनाच विद्या अशी घरबसल्या मिळाली नाही. सावंतवाडीकडचे रामकृष्णबुवा वझे यांनी ग्वाल्हेर गाठले ते गाण्याची भूक घेऊन, आणि तेथे त्यांना पोटाची भूकही सोसावी लागली. अन्नछत्रात जेवावे, उस्तादांच्या घरची पडेल ती सेवा करावी आणि निसार हुसेनखाँकडून जे मिळेल ते कणाकणाने वेचावे, असे त्यांनी दिवस काढले. पुढे महाराष्ट्रात आणि कर्नाटकात त्यांच्या गाण्याने जो दरारा निर्माण केला, त्यामागे ते दिवस होते.

असाच खडतर प्रवास बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांचा. १८४९ साली जन्मलेल्या या मुलाने गाण्यापायी लहानपणीच घर सोडले. मिरजेच्या परिसरापासून ग्वाल्हेर हजार किलोमीटरांहून दूर. मध्ये नर्मदा, विंध्याचे घाट आणि अनोळखी मुलूख. धारेस देवजीबुवांकडे त्यांनी काही काळ काढला, आणि अखेर वासुदेवबुवा जोशी यांच्या पायाशी त्यांना हवी ती विद्या मिळाली. ती घेऊन ते महाराष्ट्रात परतले. मुंबईत त्यांनी गायन समाज चालविला, ‘संगीत दर्पण’ नावाचे मासिकही काढले. परंतु दम्याच्या विकाराने मुंबईची हवा त्यांना मानवेना. म्हणून ते मिरजेस आणि नंतर इचलकरंजीच्या अधिपतींच्या आश्रयाने इचलकरंजीस राहिले. ज्या छातीच्या बळावर ग्वाल्हेरची तान उभी, तीच छाती दम्याने पोखरलेली, आणि तरीही या पुरुषाने शिष्यांच्या पिढ्या तयार केल्या. गुंडूबुवा इंगळे, नीळकंठबुवा जंगम, अनंत मनोहर जोशी, मिराशीबुवा, विष्णु दिगंबर पलुसकर ही नावे वाचली की लक्षात येते, महाराष्ट्रात ख्यालाचे जे पीक आले त्याचे बियाणे या एका माणसाने वाहून आणले होते. १९२६ साली त्यांचा अंत झाला. आपला गुणी पुत्र अण्णाबुवा आपल्याआधी गेल्याचे दुःखही त्यांना सोसावे लागले होते.

विष्णु दिगंबरांनी पुढचे दार उघडले. १८७२ साली कुरुंदवाड येथे त्यांचा जन्म झाला. लहानपणी फटाक्याच्या अपघाताने दृष्टी अधू झाली, शिक्षण खुंटले आणि ते मिरजेस बाळकृष्णबुवांकडे गाणे शिकू लागले. तेथे एका समारंभाचे निमंत्रण संस्थानिकांच्या मर्जीतील म्हणून त्यांना आले, पण त्यांच्या गुरुजींना आले नाही. गवई म्हणजे आश्रित, ही समाजाची समजूत त्यांच्या मनाला झोंबली. १८९६ साली त्यांनी मिरज सोडली, उत्तर हिंदुस्थान पायाखाली घातला, आणि ५ मे १९०१ रोजी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालयाची स्थापना केली. राजाच्या देणगीवर विसंबून न राहता लोकांच्या वर्गणीवर आणि मैफलींच्या मिळकतीवर चालणारी ही संगीतशाळा होती. फी भरील त्या कोणाही गृहस्थाच्या मुलामुलींना तेथे प्रवेश होता. शिवाय काही निवडक विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षे स्वखर्चाने ठेवून घेऊन त्यांना शिक्षक करण्याचा ‘उपदेशक वर्ग’ त्यांनी चालविला. ओंकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास, बी. आर. देवधर असे शिष्य त्यांच्या हाताखाली तयार झाले. १९०८ साली विद्यालयाची मुंबई शाखा निघाली, मोठी वास्तूही उभी राहिली. परंतु तिच्या कर्जाचा बोजा पेलला नाही आणि ती वास्तू अखेर धनकोंच्या हाती गेली. २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेस पंडितजी निवर्तले. इमारत गेली, पण शिष्यांनी त्याच वर्षी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापून त्यांचे काम गावोगाव नेले. आज एखाद्या तालुक्याच्या गावी एखादी मुलगी हार्मोनियमवर भूप वाजवून परीक्षेला बसते, तेव्हा तिच्या मागे हा सारा इतिहास उभा असतो.

इकडे खुद्द ग्वाल्हेरीतही नव्या विचाराचे वारे पोचले होते. शंकररावांचे पुत्र कृष्णराव यांनी अवघ्या एकवीस वर्षांच्या वयात, १९१४ साली, लष्करात संगीत विद्यालय काढले. पुढे वडिलांच्या स्मरणार्थ ते ‘शंकर गांधर्व विद्यालय’ म्हणून ओळखले जाऊ लागले. १९१८ सालच्या जानेवारीत माधवराव शिंद्यांच्या आश्रयाने आणि विष्णु नारायण भातखंडे यांच्या मार्गदर्शनाखाली माधव संगीत विद्यालय सुरू झाले. भातखंडे पेशाने वकील. गायनातील घराण्याघराण्यांतून विखुरलेल्या चिजा स्वरलिपीत उतरवून घ्याव्या, रागांचे शास्त्र सुसंगत लावावे आणि ते छापून सर्वांपुढे ठेवावे, हा त्यांनी ध्यास घेतला होता. एकनाथ पंडितांसारख्या जाणत्यांनी आपल्याजवळच्या चिजा त्यांना दिल्या. नवी पद्धती शिकण्यासाठी महाराजांनी ग्वाल्हेरचे काही गायक मुंबईस पाठविले. त्यांत राजाभैया पूछवाले होते. पुढे तेच या विद्यालयाचे प्राचार्य झाले आणि १९५६ साली मृत्यू येईपर्यंत त्यांनी अध्यापनाला वाहून घेतले.

येथे एक वाद उपस्थित होतो, आणि तो प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. जी चीज मिळविण्यासाठी वझेबुवांनी उपास काढले, ती पाच-दहा रुपयांच्या पुस्तकात मिळू लागली तर तिचे मोल राहील काय? स्वरलिपीत स्वर लिहिता येतो. स्वराचा कण, मींडेचा झोक, सम गाठण्याआधीचा तो किंचित विलंब, हे कागदावर कसे उतरणार? जुन्या गवयांची ही शंका निराधार नव्हती. विद्यालयांतून पदवीधर पुष्कळ निघाले, गवई थोडे निघाले, हे कटू असले तरी खरे आहे. परंतु दुसरी बाजूही तितकीच खरी. जे उस्ताद आपल्या चिजा कोणास न देता गेले, त्यांच्याबरोबर त्या चिजाही गेल्या. पुस्तकाने गवई घडत नसेल, पण पुस्तकाने चीज मरत नाही. शिवाय विद्यालयांनी श्रोता घडविला. ज्या घरात गाणे म्हणजे नादीपणा मानला जाई, त्या घरातील मुली तंबोरा घेऊन बसू लागल्या. मालिनी राजूरकर, वीणा सहस्रबुद्धे अशा गायिकांनी ग्वाल्हेरची परंपरा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ज्या तेजाने गाजविली, ते हद्दू-हस्सूंच्या काळी कोणाच्या स्वप्नातही आले नसते.

ग्वाल्हेरच्या सुदैवाने, दोन्ही पद्धतींचा मेळ घालणारे पुरुष तेथे दीर्घायुषी झाले. कृष्णराव शंकर पंडित २२ ऑगस्ट १९८९ पर्यंत, म्हणजे वयाच्या शहाण्णवाव्या वर्षापर्यंत होते. १९७३ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. निसार हुसेनखाँ ज्या घरात राहिले त्या घरचा हा पुरुष आकाशवाणीवरून गात होता. एका आयुष्याच्या कमानीत दरबार, विद्यालय आणि नभोवाणी ही तिन्ही युगे सामावली. याउलट विष्णु दिगंबरांचे पुत्र दत्तात्रेय पलुसकर यांना जेमतेम चौतीस वर्षांचे आयुष्य लाभले. १९५५ साली ते गेले. परंतु त्यांच्या थोड्याशा ध्वनिमुद्रिकांनी ग्वाल्हेरचा निर्मळ आकार घराघरांत पोचविला. ध्वनिक्षेपक आला तशी गळ्याला पूर्वीच्या बळाची गरज उरली नाही. तान हळुवार झाली, लय मंदावली, आणि घराण्यांच्या सीमाही पुसट होत गेल्या. काळाच्या ओघात हे होणारच.

आज ग्वाल्हेरला राजाश्रयाऐवजी लोकाश्रय आहे. दर वर्षी हिवाळ्यात तानसेनाच्या समाधीपाशी भरणारा समारोह २०२४ साली शंभरावा झाला. २००८ साली राजा मानसिंह तोमर यांच्या नावाने तेथे संगीत व कला विद्यापीठ स्थापन झाले. २०२३ साली युनेस्कोने ग्वाल्हेरला ‘संगीतनगरी’ म्हणून मान दिला. हे सन्मान भूषणावह आहेत, यात शंका नाही. पण गायकी सन्मानपत्रांवर जगत नाही. ती जगते ती शिकविणाऱ्याच्या आणि शिकणाऱ्याच्या समोरासमोर बसण्यावर, आणि त्या बसण्यात दोघांनी खर्चिलेल्या वर्षांवर.

हद्दूखाँनी आपल्या घरापुरतीच विद्या राखली असती, तर १९२२ साली कुरुंदवाडास रहमतखाँच्या देहाबरोबर तिचाही शेवट झाला असता. ती वासुदेवबुवांना मिळाली, त्यांनी बाळकृष्णबुवांना दिली, त्यांनी विष्णु दिगंबरांना, आणि विष्णु दिगंबरांनी साऱ्या देशाला. निसार हुसेनखाँनी ती पंडितांच्या ओसरीत ठेवली, आणि तेथून ती भातखंड्यांच्या पोथीत गेली. जमीन वाटली की तिचे तुकडे होतात, पैसा वाटला की तो सरतो. गाण्याचे तसे नाही, हे ग्वाल्हेरच्या गवयांनी दोन शतके सिद्ध करून दाखविले. पुढच्या पिढीला हे गाणे ऐकावयास मिळेल की नाही, हे आज ज्यांच्याजवळ ते आहे त्यांच्या गळ्यापेक्षाही त्यांच्या हाताच्या मोकळेपणावर अवलंबून आहे.